ताईचा न झालेला बाप्तिस्मा

जयपुरात आमच्याकडे महिन्यातला एक रविवार दोनदा उजाडायचा, सकाळी हिंदीत आणि दुपारी मराठीत. सकाळी आम्ही मोठ्या दगडी चर्चमध्ये जायचो. तिथल्या लांब बाकांवर बसून हिंदी उपासना व्हायची आणि बाहेर आल्यावर लोक 'जय मसीह की' म्हणत हात मिळवायचे. दुपारची उपासना बनी पार्कातल्या आमच्या भाड्याच्या घरी, वरच्या मजल्यावर. जेवणं उरकली की आई सतरंज्या झटकून अंथरायची, पपा पेटीवरचं फडकं काढायचे, आणि शहरभर विखुरलेली चार-पाच मराठी ख्रिस्ती घरं जिना चढून वर यायची. कुणी सोलापूरकडचं, कुणी जालन्याचं, कुणी वसईचं. सगळ्यांचं चर्च वेगळं होतं, पण मराठीत गाण्याची भूक एकच होती. मध्येच स्टेशनातली गाडी शिट्टी द्यायची, समोरच्या कडुनिंबावर मोर ओरडायचा, आणि संक्रांतीच्या दिवसांत तर पपा डोळे मिटून प्रार्थना करत असताना शेजारच्या गच्चीवरून पतंग काटल्याची 'वोऽ काटा!' अशी आरोळी यायची. पपा डोळे न उघडता म्हणायचे, "आमेन," आणि सगळे हसू दाबायचे.

पपा विमा कंपनीत होते. बदली होऊन आले तेव्हा तीन वर्षांत परत जायचं असं ठरलं होतं म्हणे. ते परत जाणं कधी झालंच नाही. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावात मंडळीचे पाळक होते. सायकलवरून पाच गावं फिरायचे. ताईचा आणि माझा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता. त्या चर्चमध्ये दगडी बाप्तिस्मापात्र वगैरे नव्हतं. घरातलं पितळी घंगाळं घासूनपुसून नेत, त्यात विहिरीचं पाणी असे, आणि आजोबा तीन बोटं बुडवून तान्ह्या पोराच्या कपाळावर पाणी लावत. ताईच्या वेळी ती इतकी रडली की आजोबांनी प्रार्थना अर्ध्यात थांबवून तिला खांद्यावर घेऊन चर्चमध्ये फेऱ्या मारल्या, आणि ती झोपल्यावर उरलेली प्रार्थना हळू आवाजात पूर्ण केली. ही गोष्ट आई दर नाताळला सांगायची. करंज्या तळता तळता सांगायची, त्यामुळे मला अजूनही तळणाचा वास आला की आजोबा दिसतात.

आईला जयपूर आवडलं ते बाजरीमुळे. थंडी पडली की घरमालकीणबाई बाजरीची जाडसर रोटी, तूप आणि गूळ पाठवायच्या, आणि आई त्यांना आपल्या पातळ भाकरीसोबत हिरव्या मिरचीचा ठेचा पाठवायची. "यांची रोटी म्हणजे आपल्या भाकरीची थोरली जाऊ," असं ती म्हणायची. आम्हा मुलींचं मराठी मात्र पार हिंदाळलेलं. माझ्या प्रत्येक वाक्यात एक 'मतलब' असायचा. दुपारच्या उपासनेत प्रार्थना करायची माझी पाळी आली की मी दोन वाक्यं मराठीत रेटायचे आणि तिसऱ्याला हिंदीत घसरायचे.

दुपारच्या उपासनेला सगळ्यात आधी येणारी म्हणजे रोझीमावशी. वसईची, एका इस्पितळात परिचारिका, पक्की कॅथलिक. सकाळी तिच्या चर्चमधली मिस्सा आटोपून, डबा धुऊन, आमच्याकडे यायची. गाणी आमची म्हणायची, पण शेवटी स्वतःवर क्रुसाची खूण करायचीच. आमच्या त्या मेळाव्यात प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याचा विधी, कधी होत नसे. कुणी कुणाच्या हातून भाकर घ्यायची, कुणाचा बाप्तिस्मा कुणाला चालतो, हे प्रश्न तिथे निघू नयेत म्हणून पपांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं: गायचं, शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची आणि चहा प्यायचा. पुष्कळ वर्षं ते निभलं.

सॅमी आला तो एका पावसाळ्यात. सोलापूरचा मुलगा, जयपुरातल्याच सोडाल्यात एका कापड निर्यात करणाऱ्याच्या कचेरीत नोकरीला. जयपूरजवळच्या बगरू गावच्या छापाच्या चादरी परदेशी पाठवायचं काम. दर दोन दिवसांनी बगरूला जाऊन माल बघायचा, आणि परत आला की त्याच्या बोटांना नीळ लागलेली असे. पहिल्या दिवशी आईनं विचारलं, "भाकरी खाणार का रे?" तर म्हणाला, "खातो की, काकू! न खाऊन काय करतो?" आणि त्यानं इतक्या खाल्ल्या की आईला पुन्हा पीठ मळावं लागलं. गळा मात्र देवानं दिलेला. पपांच्या पेटीला इतकी वर्षं जे हवं होतं ते आता मिळालं. ताई त्या वेळी एका शाळेत शिकवत होती. ती पपांशेजारी बसून सूर धरायची. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आमच्यापैकी कुणालाच काही सांगावं लागलं नाही. पपा पेटी वाजवता वाजवता दोघांकडे बघायचे आणि मान डोलवायचे. ती मान निव्वळ गाण्याला नव्हती.

अडचण होती ती सॅमीच्या मंडळीची. सोडाल्यात एका दुकानावरच्या हॉलमध्ये त्यांची सभा भरायची. तिचे प्रमुख ब्रदर दयाल, अजमेरकडचे, मोठ्या कपाळाचे, शांत बोलणारे गृहस्थ. त्यांची शिकवण अशी की बाप्तिस्मा घ्यायचा तो जाणत्या वयात, आपण होऊन, आणि पूर्ण पाण्याखाली जाऊन. तान्ह्या मुलाच्या कपाळाला पाणी लावणं हा बाप्तिस्माच नव्हे. सॅमीनंही त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला होता. ताईशी लग्न करायचं तर ताईनंही घ्यायला हवा, नाहीतर ब्रदर लग्न लावणार नाहीत आणि सॅमीनं बाहेर लावलं तर त्याला मंडळीत भाकर मिळणार नाही.

हे सॅमीनं पपांना सांगितलं त्या संध्याकाळी पपा गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. मी वाळलेले कपडे काढत होते. पपांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या वडिलांनी केलं ते काय होतं मग? पोरीचं तोंड धुतलं?"

सॅमी खाली बघत म्हणाला, "मी तसं म्हणत नाही, काका."

"तू म्हणत नाहीस, पण तिला म्हणायला लावतोयस. बाप्तिस्मा एकच असतो रे. दुसरा घेतला की पहिला खोटा ठरतो."

तेव्हा सॅमीनं जे सांगितलं ते मी विसरलेले नाही. तो जयपूरला नवीन आला तेव्हा पहिले काही महिने आमच्याच दगडी चर्चमध्ये यायचा. मागच्या बाकावर बसायचा. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. मग त्याला कावीळ झाली. खोलीवर एकटा पडून होता. शेजारच्या खोलीतला एक मुलगा ब्रदर दयालांच्या सभेतला. त्यानं जाऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती माणसं आळीपाळीनं येऊ लागली. खिचडी केली, कपडे धुतले, उलटी काढली. "ब्रदर स्वतः माझे पाय चेपत बसायचे, काका," सॅमी म्हणाला. "त्यांना मी काय म्हणू? तुमचं चुकतंय म्हणू?"

आम्ही त्याच चर्चमध्ये दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसत होतो.

त्यानंतरचे आठवडे घरात फार जड गेले. पपांनी पेटी उघडली नाही. आई ताईला म्हणायची, "तुझं तू ठरव, पण तुझ्या आजोबांना मध्ये आणू नको," आणि लगेच स्वतःच आजोबांना मध्ये आणायची. रोझीमावशीनं एकदा भाजी निवडता निवडता पपांना सरळ सुनावलं, "कदमसाहेब, तुम्हाला आज लागलंय. आमचे फादर तुम्हाला भाकर देत नाहीत, तुमच्याकडची मी घेतलेली त्यांना चालत नाही. इतकी वर्षं मी तुमच्याकडे चहाच पिते ना? मला काय वाटतं ते कधी विचारलंत?" खरंच कुणी विचारलं नव्हतं.

ताईनं शेवटी सांगितलं की ती बगरूला जाणार. तिथे छापाचं कापड धुवायचे मोठमोठे सिमेंटचे हौद असतात. त्यातला एक ब्रदरांच्या मंडळीतल्या एका रंगाऱ्याचा होता, आणि बाप्तिस्मे तिथेच व्हायचे. पपा म्हणाले, "जा." एवढंच. ते स्वतः आले नाहीत. ताईसोबत मी गेले, आणि रोझीमावशी कुणी न बोलावता आली. "पोरगी पाण्यात उतरणार, थंडी लागली तर बघायला कुणी नको?" असं म्हणत तिनं टॉवेल आणि थर्मास पिशवीत घातला.

बगरूचा तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे जसाच्या तसा आहे. मैदानभर पिवळट कापडं वाळत घातलेली, ओल्या मातीचा आणि निळीचा वास, लाकडी ठशांचा ठक ठक आवाज. हौद रिकामा करून, घासून, ताजं पाणी भरलं होतं, तरी भिंतींत मुरलेली नीळ थोडी उतरतच होती. ताईच्या आधी तिघांचा बाप्तिस्मा झाला. पांढऱ्या कपड्यांत आत जायचे आणि बाहेर यायचे ते कडांना फिकट निळे होऊन. प्रत्येक जण वर आला की सगळे मोठ्यानं गायचे, बायका त्याला मिठीत घ्यायच्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे कित्येक वर्षं आमच्या चर्चमधले लोक त्या सभेची टिंगल करायचे आणि मला गप्प बसवत नसे.

ताईची पाळी आली. ब्रदर दयाल कमरेपर्यंत पाण्यात उभे होते. ताई पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेली. प्रत्येकाला सगळ्यांसमोर साक्ष द्यावी लागायची. ब्रदर प्रेमानं म्हणाले, "बोलो बहन. कहो कि आज तक मेरा बपतिस्मा नहीं हुआ था, आज हो रहा है."

ताई म्हणाली, "ब्रदर, मैं पानी में आऊँगी. आप जितना कहेंगे उतना नीचे जाऊँगी. पर यह नहीं कहूँगी."

"फिर यह किसलिए, बहन?"

"आपके साथ एक होने के लिए," ताई म्हणाली. "मेरे दादाजी ने जो किया था, वह हुआ था. उसको ना कहकर मैं किसी से एक नहीं हो सकती."

गाणी थांबली होती. फक्त ठशांचा आवाज येत होता. ब्रदरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट फार दुःख होतं. ते म्हणाले, "तब मैं नहीं कर सकता. झूठ मैं भी नहीं बोल सकता, बेटी." आणि ताईला त्यांनी स्वतः हात धरून पायऱ्यांवरून वर आणलं. रोझीमावशीनं तिच्या ओल्या पायांभोवती टॉवेल गुंडाळला आणि थर्मासातला चहा ओतून दिला. सॅमी हौदाच्या पलीकडे उभा होता. तो इकडे आला नाही, तिकडेही गेला नाही. बसमध्ये ताई खिडकीकडे तोंड करून बसली. साडीच्या काठाला गुडघ्यापर्यंत नीळ लागली होती.

घरी पपांनी दार उघडलं. ताईनं काय झालं ते उभ्या उभ्याच सांगितलं. पपांना आनंद व्हायला हवा होता. ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. "माझ्यामुळे तुझं मोडलं," असं म्हणत राहिले. ताई म्हणाली, "तुमच्यामुळे नाही, पपा. मला म्हणवलंच नाही."

सॅमी काही आठवडे आला नाही. आला तो एका दुपारी, सगळे जमलेले असताना. दारातच उभा राहून म्हणाला, "काका, मी ब्रदरांना सांगून आलो." काय सांगून आला हे कुणी विचारलं नाही. आईनं तवा ठेवला.

लग्न दगडी चर्चमध्ये झालं. ब्रदर दयालांच्या मंडळीतलं कुणी आलं नाही. ठरल्याप्रमाणे सॅमीची भाकर बंद झाली. सभेत येऊन बस म्हणाले, पण ताट त्याच्यापुढे येणार नव्हतं. तो जाणंच बंद झाला. आमच्याबरोबर सकाळी चर्चला येऊ लागला, पण त्याचा गळाच गेला जणू. पुस्तक उघडून नुसता उभा राहायचा. तरुणपणी मला वाटायचं की गोष्ट चांगली संपली, ताई जिंकली. पपांना मात्र ते दिसत होतं. एकदा जेवताना ते आईला म्हणाले, "पोराला आपण घरात घेतलं, पण त्याचं घर घालवलं."

आणि एका रविवारी संध्याकाळी पपा कोट घालून तयार झाले. "सॅमी, चल," म्हणाले, "सोडाल्याला जाऊ. तू एकटा नको जाऊस. मी येतो."

त्या दिवसापासून महिन्यातून एकदा पपा त्या हॉलमध्ये जाऊन सॅमीशेजारी सतरंजीवर बसू लागले. पुष्कळदा ताई आणि मीही जायचो, आणि बायकांच्या बाजूला बसायचो. भाकरीचं ताट हातोहात पुढे जायचं. पहिल्या वेळी वाढणारा पपांपाशी आला आणि घुटमळला. पपांनी स्वतःच ताट त्याच्या हातून घेतलं, सॅमीपुढून नेलं आणि पलीकडच्या माणसाला दिलं. नंतर दर वेळी तसंच. आमच्या दगडी चर्चमध्ये मंडळीचा वडील, म्हणजे पंच, म्हणून स्वतः भाकर वाटणारा हा माणूस, इथे आपल्याला न मिळणारी भाकर दुसऱ्याच्या हातात देत होता आणि त्याला मान लववून नमस्कार करत होता. दगडी चर्चमध्ये त्यावरून कुजबुज झाली, आमच्या पादरीसाहेबांनी बोलावून समज दिली. पपांनी ऐकून घेतलं आणि जात राहिले.

पुढे ब्रदरांनी सॅमीला पुन्हा भाकर द्यायला सुरुवात केली. त्यावरून दोन कुटुंबं उठून गेली आणि जयपुरातल्याच मानसरोवर भागात त्यांनी वेगळी सभा काढली. पपांना ते कळलं तेव्हा त्या रात्री ते जेवले नाहीत.

आता बनी पार्कातलं आमचं ते घर हॉटेल झालं आहे. गच्चीवर पर्यटक नाश्ता करतात. पपा, आई, रोझीमावशी, ब्रदर दयाल, कुणी राहिलं नाही. ताई आणि सॅमी अजून सोडाल्यातच आहेत, दोघांचे गुडघे दुखतात, आणि सॅमी गातो. त्यांच्या थोरल्याचा बाप्तिस्मा तान्हेपणी दगडी चर्चमध्ये झाला, धाकटीनं मोठी झाल्यावर बगरूच्या हौदात घेतला. एकाच ताटात जेवतात, भांडतात, कधी भाकर एकत्र घेतात, कधी नाही. ब्रदरांच्या माघारी त्या सभेत पाहुण्यांनाही भाकर देऊ लागले आहेत. मी हे सगळं लिहायला बसले ते मात्र एका संध्याकाळमुळे, जिच्याबद्दल मी ताईशीसुद्धा पुन्हा कधी बोलले नाही.

मानसरोवरची माणसं निघून गेल्यानंतरची ती सभा होती. हॉल बराच रिकामा दिसत होता. भाकर वाटायची वेळ आली तेव्हा ब्रदर दयाल स्वतः उठले. ताट वाढणाऱ्याच्या हातून त्यांनी आपल्याकडे घेतलं, चालत पपांपर्यंत आले आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. ताट पुढे केलं. म्हणाले, "लीजिए, भाई."

पुढच्या रांगेतल्या एका वयस्क गृहस्थांनी उठून जायच्या बेतानं चपला शोधायला हात मागे नेलेला मी पाहिला. ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. पपांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. कपाळ त्याला टेकेल इतकं खाली वाकले आणि तसेच थोडा वेळ राहिले. मग त्यांनी ते सॅमीकडे दिलं. स्वतः घेतलं नाही. ब्रदरांचा हात हातात घेऊन ते इतक्या हळू काहीतरी बोलले की आम्हाला ऐकू आलं नाही. ब्रदरांनी डोळे मिटले.

सभा संपल्यावर जिन्याखाली ताई पपांवर तुटून पडली. मी तिला पपांशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "एवढी वर्षं वाट बघितली आणि तुम्ही नाही म्हणालात? तुम्ही घेतलं असतं तर मलाही मिळालं असतं. माझ्या नवऱ्याशेजारी बसून मला एकदा तरी घेता आलं असतं!"

"हो," पपा म्हणाले. "ते मला कळत होतं, बाळ."

"मग?"

"मी घेतलं असतं तर आणखी काही जण उठून गेले असते. त्यांनी तिसरी सभा काढली असती. आधीच आपण किती तुकडे आहोत! माझ्यापायी आणखी एक नको. ब्रदरांनी पुढे केलं, तेवढं..." ताई पाठ फिरवून घराकडे निघाली. सॅमी दोघांकडे बघत थोडा थांबला आणि तिच्यामागे गेला.

मी आणि पपा रिक्षात बसलो. सोडाल्याच्या चौकात गर्दी होती, रिक्षा थांबत थांबत चालली होती. पपा कोटाची बटणं लावत होते, काढत होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, "पपा, तुम्हाला घ्यावंसं नाही वाटलं?"

रिक्षा गर्दीतून बाहेर पडली, वारा लागायला लागला. तेव्हा रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "वाटलं ग. फार वाटलं."